वर्षाचा हिशोब वरच्याचा, दहा दिवसांचा खालच्याचा

‘समुद्रात वाहून वाया जाणारे पाणी.’ कर्नाटकातून गोव्यात उतरणाऱ्या म्हादई नदीच्या पाणीतंट्याचा विषय निघाला की घाटापलीकडून, म्हणजे कर्नाटकातून, हे शब्द हमखास ऐकू येतात. पाकिस्तानात सिंधवाल्यांना पंजाबकडून हेच ऐकावे लागते. नदीच्या वरच्या अंगाला जो बसला आहे त्याच्या लेखी खाली गेलेला थेंब वायाच गेलेला असतो. आपल्याकडून, म्हणजे गोव्यातून, त्याला उत्तर जाते ते ‘म्हादई आमची आई’ असे. भावना खरी आहे, पण लवादापुढे तिची साक्ष होत नाही. तिथे विचारतात: किती पाणी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी?

यातला ‘कोणत्या महिन्यात’ हा प्रश्न गोव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच आपण सर्वांत कमी लावून धरला. नदीत वर्षाला पाणी किती, यावर एकेकाळी राष्ट्रांची ताकद मोजली जाई. आता ते पाणी कोणत्या दिवशी सोडायचे आणि कोणत्या दिवशी अडवायचे हे ज्याच्या हातात, त्याचे वजन वाढते आहे. वार्षिक सरासरीत सगळे काही ठीक दिसते आणि खालच्याचे शेत त्याच वर्षी खारट होते.

नाईल पाहा. १९५९च्या करारात इजिप्त आणि सुदान यांनी नदीचे सरासरी ८४ अब्ज घनमीटर पाणी आपसांत वाटून घेतले. इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५, उरलेले अस्वानच्या जलाशयातून वाफ होऊन जाणारे. यातले सुमारे ८५ टक्के पाणी ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून येते त्याच्या वाट्याला काहीच नव्हते. त्याला बैठकीलाही बोलावले नव्हते. पन्नासेक वर्षे हे खपले, कारण इथिओपियाकडे धरणाला पैसा नव्हता आणि इजिप्तचा विरोध पत्करून कर्ज द्यायला बाहेरचे कोणी धजत नव्हते. एप्रिल २०११मध्ये त्या देशाने आपल्याच नागरिकांना रोखे विकून निळ्या नाईलवर बांधकाम सुरू केले. जुलै २०२०मध्ये जलाशय भरायला घेतला, सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झाले. साठवण ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या ओळखीच्या मापात २६०० टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त. म्हादईला चौदा वर्षांत जेवढे पाणी येईल तेवढे या एका धरणात मावते.

आता गंमत अशी की हे धरण विजेसाठी आहे. टर्बाइनमधून गेलेले पाणी खालीच जाते. जलाशयातून वाफ होऊन जाईल ते सोडले तर जलाशय एकदा भरल्यावर इजिप्तच्या वार्षिक आकड्यात फार मोठी खोट येण्याचे कारण नाही. सुदानला तर पूर कमी होऊन बारमाही सारखे पाणी मिळण्याचा फायदाच आहे. तरी वाटाघाटी वर्षानुवर्षे अडल्या त्या दोन मुद्द्यांवर: सलग दुष्काळाची वर्षे आली तर किती पाणी सोडायचे, आणि ते बंधनकारक की इथिओपियाच्या मर्जीवर. सुदानची तक्रार आणखी साधी होती. सीमेपलीकडे जवळच त्याचे रोसेरेस धरण आहे. वरून आज किती सोडणार आणि उद्या किती, हे रोजच्या रोज कळले नाही तर आपले दरवाजे कधी उघडायचे हे त्याला ठरवता येत नाही. एकंदरीत भांडण वेळापत्रकाचे होते.

तुर्कस्तानने हेच सरासरीच्या आडून करून दाखवले. १९८७मध्ये त्याने सीरियाला युफ्रेटिसमधून सेकंदाला सरासरी ५०० घनमीटर पाणी देण्याचे कबूल केले होते. १३ जानेवारी १९९० रोजी अतातुर्क धरण भरण्यासाठी नदीचा प्रवाह सुमारे महिनाभर अडवण्यात आला. सीरिया-इराकने ओरड केली, तेव्हा उत्तर आले की आधीच्या काही आठवड्यांत आम्ही जादा पाणी सोडून ठेवले होते, सरासरी पाळली आहे. गणित बिनचूक होते. फक्त ते जादा पाणी साठवायला पुरेशी जागा खालच्यांकडे नव्हती आणि महिनाभर पिके सरासरीवर जगत नाहीत.

सिंधू खोऱ्यात आपण वरच्या अंगाला आहोत, म्हणून हे चित्र उलट्या बाजूने बघणे उपयोगी ठरेल. १९६०च्या करारात रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने करार स्थगित केला आणि ‘पाणी बंद’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. पश्चिमेच्या तीन नद्यांत वर्षाला सुमारे साडेतेरा कोटी एकर-फूट पाणी वाहते. करारानुसार त्यांवर भारताला साठवणुकीची मुभा आहे ३६ लाख एकर-फुटांची, आणि तेवढीही आपण बांधलेली नाही. साधा भागाकार केला तर हा साठा सरासरी दहा दिवसांच्या प्रवाहाइतका होतो. बगलिहार, सलाल ही वाहत्या पाण्यावर चालणारी केंद्रे. त्यांचे जलाशय दिवसांच्या हिशोबात भरतात आणि मग सांडव्यावरून पाणी खाली सोडावेच लागते. म्हणजे नद्या बंद करणे आज भारताच्या हातात नाही. वेळ बदलणे मात्र आहे. चिनाबवरचे असे जलाशय भरायला करारात २१ जून ते ३१ ऑगस्ट एवढीच मुदत ठेवली आहे, कारण तेव्हा नदी भरलेली असते आणि खाली कोणाला झळ लागत नाही. मे २०२५मध्ये भारताने गाळ काढण्यासाठी सलाल आणि बगलिहार त्या मुदतीबाहेर रिकामे केले आणि पुन्हा भरले. वार्षिक पाण्यात त्याने नगण्य फरक पडला असेल; पण खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर चिनाबची पातळी अचानक खाली-वर झाली, आणि पाकिस्तानला खरी भीती वाटली ती याची.

ब्रह्मपुत्रेवर नेमक्या याच भीतीने आपल्याला घेरले आहे. जुलै २०२५मध्ये चीनने तिबेटात यारलुंग त्सांगपोच्या मोठ्या वळणाजवळ १.२ लाख कोटी युआन खर्चाच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. ब्रह्मपुत्रेचे बहुतांश पाणी भारतातल्या पावसाचे आहे, तेव्हा ती आटेल ही भीती अवास्तव आहे. पण पूर कधी येणार आणि कोरड्या महिन्यांत दिवसभरात प्रवाह किती चढउतार करणार, हे वरून ठरेल. २०१७मध्ये डोकलामचा तणाव चालू असताना चीनकडून पुराच्या मोसमातले आकडे आले नाहीत. आकडे न देणे हेही पाण्याचे हत्यार आहे आणि त्याला सिमेंट लागत नाही. खालच्याला माहिती देण्याचे बंधन घालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९७च्या जलप्रवाह करारनाम्याविरुद्ध मत देणारे देश तीनच होते: चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. भारत तटस्थ राहिला. वर बसल्यावर एक बोलायचे आणि खाली बसल्यावर दुसरे, ही सोय आपल्यालाही हवी होती.

नदी नसतानाही पाण्याची सत्ता चालते, हे ओझरते सांगायला हवे. एक किलो तांदळामागे अडीच-तीन हजार लिटर पाणी जाते. जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा भारताचा. २० जुलै २०२३ रोजी आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत भाव हलले. म्हणजे भूजलावर आपली सत्ता चालली, पण पंजाबात दरवर्षी पुनर्भरणाच्या दीडपटीहून अधिक उपसा होतो, तेव्हा ही सत्ता उसनी आहे. पनामा कालव्यात एका जहाजाच्या फेरीमागे वीस कोटी लिटरच्या आसपास गोडे पाणी समुद्रात जाते. २०२३च्या दुष्काळात कालव्याला पाणी पुरवणारे गातून सरोवर उतरले, रोजच्या छत्तीसेक फेऱ्या २४ वर आणाव्या लागल्या आणि जहाजे रांगेत उभी राहिली.

गोव्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र फराक्क्याचे, आणि त्याचा उल्लेख आपल्या चर्चेत कधी होत नाही याचे नवल वाटते. हुगळीतला गाळ वाहून जावा आणि कोलकाता बंदर चालू राहावे म्हणून १९७५मध्ये भारताने गंगेचे ४० हजार क्युसेकपर्यंत पाणी फराक्क्याहून वळवायला सुरुवात केली. गंगेच्या वार्षिक पाण्यात हा आकडा मोठा नाही. पण एप्रिलमध्ये गंगा रोडावलेली असते. बांगलादेशच्या खुलना भागात त्या महिन्यांत समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले. कारखान्यांचे बॉयलर, भातशेती, सुंदरबनची झाडे, सगळ्यांवर मीठ चढले. १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांचा करार झाला तो यातूनच शहाणे होऊन.

त्या कराराची रचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. तो वर्षाचे पाणी वाटत नाही. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या मोसमाचे दहा-दहा दिवसांचे टप्पे पाडतो आणि प्रत्येक टप्प्यात फराक्क्याला किती पाणी आले त्यावर वाटणी ठरवतो. ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेले भारताला. ७५ हजारांवर गेले तर भारताला ४० हजार, बाकी बांगलादेशला. आणि ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण काळात एक टप्पा सोडून एक, अशी दोघांनाही ३५ हजारांची हमी. या करारातही उणिवा आहेत. ५० हजारांच्या खाली प्रवाह गेला तर ‘तातडीने चर्चा करावी’ एवढेच तो सांगतो, आणि चर्चेने नदीला पाणी येत नाही. पण खालच्याला खरी झळ कधी लागते हे त्याने ओळखले आहे.

आता म्हादई. खोरे २०३२ चौरस किलोमीटरचे. गोव्यात १५८०, कर्नाटकात ३७५, महाराष्ट्रात ७७. १४ ऑगस्ट २०१८च्या निवाड्यात लवादाने ७५ टक्के भरवशाचे पाणी १८८.०६ टीएमसी धरले आणि गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी विजेसाठी. खोऱ्याबाहेर मलप्रभा नदीत वळवायचे ते कळसा आणि भांडुरा या उपनद्यांवरून मिळून ३.९. फेब्रुवारी २०२०मध्ये निवाडा राजपत्रात आला, डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित आराखड्याला मंजुरी दिली, आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात आहेत.

वाटपाचे हे सगळे आकडे वर्षाचे आहेत. ३.९ भागिले १८८.०६ म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर. ‘दोन टक्क्यांसाठी एवढा गदारोळ?’ हा प्रश्न मग सहज विचारला जातो आणि ‘गोव्याचे वाळवंट होईल’ म्हणणाऱ्याची पंचाईत होते. खरे सांगायचे तर वर्षाच्या हिशोबाने वाळवंट होणार नाही. असे बोलून आपण आपलाच दावा कमकुवत करतो. हेच ३.९ टीएमसी दुसऱ्या मापात घालून पाहा: सुमारे ११ हजार कोटी लिटर. वर्षभर रोज वाटले तर दिवसाला तीस कोटी लिटर. माणशी रोजी १३५ लिटर धरले तर बावीस लाखांवर माणसांचे पाणी, आणि २०११च्या जनगणनेत सगळा गोवा साडेचौदा लाखांचा. हुबळी-धारवाडची तहान खोटी आहे असे म्हणायचे नाही. तिथल्या नळांना अनेक दिवसांनी पाणी येते हे वास्तव आहे. पण आकडा लहान की मोठा, हे तो कोणत्या दिवसांशी ताडून बघता यावर आहे.

पावसाळ्यात म्हादईला पाणी एवढे असते की त्यातून काही वळवले तर मांडवीच्या (गोव्यात खाली म्हादईचे हेच नाव) मुखाशी कळणारही नाही. जानेवारीनंतर घाटातल्या झऱ्यांवर नदी जगते. त्या वेळी मांडवी ही नदी कमी आणि खाडी जास्त असते. उधाणाला सव्वादोन मीटरच्या आसपास चढणारी भरती मैलोन्‌मैल आत जाते, आणि खारे पाणी कुठे थांबणार हे वरून येणारे गोडे पाणी ठरवते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ हजार मिलिग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २५०. म्हणजे शंभर बादल्या नदीच्या पाण्यात समुद्राचे दीड बादली पाणी मिसळले तरी मर्यादा ओलांडली जाते. भाताची सोसण्याची ताकद थोडी जास्त, पण जमिनीच्या ओलाव्याची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की साध्या वाणांचे उत्पन्न घटू लागते. कोरगुटसारखे खारे सोसणारे वाण खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, टिकले ते उगीच नव्हे.

या सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमिनीचे सगळे तंत्र वेळेवर चालते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. उन्हाळ्यात मातीत साचलेले मीठ मृगाच्या पहिल्या पाण्याने धुऊन ओहोटीबरोबर बाहेर काढायचे असते. ते धुणे पंधरा दिवस लांबले की रोप लावायला उशीर होतो आणि शेवटी दाणा भरताना पाऊस संपलेला असतो. दार कुजले, बांधाला खेकड्यांनी भोके पाडली, मानशीतल्या मासळीसाठी कोणी दार उघडे ठेवले, की वरून कितीही पाणी येवो, शेत खारटच. हे काम एकेकाळी गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेकडे, होते. कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आले आणि पुष्कळ ठिकाणी कोणाचेच राहिले नाही. म्हादईवर मोर्चा काढणाऱ्या गावाचा स्वतःचा बांध फुटका असेल तर समोरचा वकील त्याचा फोटो लावणारच.

समुद्र शेजारी आहे, मग खारे पाणी गोडे करू, असा उपाय अधूनमधून सुचवला जातो. पडद्यातून दाबाने गाळायला दर हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते. दिवसाला दहा कोटी लिटरचा चेन्नईसारखा एक प्रकल्प म्हणजे रोज साडेतीन लाख युनिट, आणि गोव्याला जवळपास सगळी वीज बाहेरून घ्यावी लागते. पाण्यासाठी कर्नाटकाकडे न बघता विजेसाठी राष्ट्रीय ग्रिडकडे बघायचे, एवढाच फरक. शिवाय जवळजवळ दुप्पट खारट झालेले उरलेले पाणी किनाऱ्याजवळच सोडले तर रापणकाराच्या जाळ्यात काय येईल, याचाही विचार करावा लागेल.

वाटाघाटीने चालणारे उदाहरण आपल्याच उंबऱ्यावर आहे, पण त्यात काही गाजावाजा नसल्याने त्याची आठवण होत नाही. तिळारीचे धरण महाराष्ट्रात, दोडामार्गात. १९९०च्या करारानुसार पाणी आणि खर्च दोन्हींत गोव्याचा वाटा ७३.३ टक्के, महाराष्ट्राचा २६.७. वरच्या राज्यात असलेल्या धरणात खालच्याचा वाटा मोठा, कारण त्याने पैसे मोजले. पेडणे-बार्देशचे नळ त्यावर चालतात. तिथली अडचणही वेळेचीच: कालवा फुटला की काही दिवसांत पर्वरीच्या टाक्या रिकाम्या होतात आणि टँकरवाल्यांचे दिवस येतात. वर्षाच्या हिशोबात गोव्याचे पाणी तेव्हाही पूर्ण असते.

म्हणून न्यायालयात आणि म्हादईच्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी फेब्रुवारी २०२३मध्ये मंजूर झालेल्या ‘प्रवाह’ प्राधिकरणापुढे गोव्याची मागणी वेगळी असायला हवी. ‘एक थेंबही देणार नाही’ ही घोषणा सभेत ठीक. कागदावर मागायचे ते दहा-दहा दिवसांचे वेळापत्रक. ऑक्टोबर संपल्यापासून पाऊस स्थिर होईपर्यंत कळसा-भांडुऱ्यावर काहीही अडवायचे नाही. जूनमधला पहिला प्रवाह खाजन धुण्यासाठी खाली येऊ द्यायचा आणि त्यानंतरच वळवणी सुरू करायची. प्रत्येक दरवाज्यावर स्वयंचलित मापक, आणि आकडे तिन्ही राज्यांना एकाच वेळी दिसतील अशी सोय. किमान प्रवाह टक्केवारीत न मागता क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर असा, मागायचा. झेलमच्या उपनदीवरच्या भारताच्या किशनगंगा प्रकल्पाच्या निवाड्यात २०१३मध्ये पाकिस्तानला ‘सदासर्वकाळ ९ क्युमेक’ असे ठोस मिळाले, कारण आकडा ठोस होता.

असा आकडा मागायचा तर तो आपल्या वहीत हवा. भरतीच्या टप्प्यात नदीची पातळी मोजून विसर्ग काढता येत नाही. तिथे पातळी समुद्र ठरवतो. म्हणून विसर्गाचे ठाणे भरतीच्या हद्दीच्या वर, गांजेच्या अंगाला, आणि दर पावसाळ्यानंतर पात्राचा छेद नव्याने मोजलेला, कारण पुराने तळ बदलतो आणि जुन्या तक्त्यावरून काढलेला आकडा वकिलाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. उथळ पाण्यात वेग पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर घ्यायचा, खोल पाण्यात दोन दशांश आणि आठ दशांशावर घेऊन मध्य काढायचा. भरतीच्या टप्प्यात खारटपणा मोजायचा: पणजीपासून वर गांजेपर्यंत ठरलेल्या सहा-सात जागा, प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ, कारण खारे पाणी जड असते आणि तळाने आत सरकते, वरच्या बादलीतले पाणी गोडे लागले म्हणून फसू नये. वेळ पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाची, भरतीच्या माथ्यावर, आणि तुलनेसाठी मधल्या भांगाची, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांची. जानेवारी ते मे. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा गांजेचा विसर्ग, त्याच्या शेजारी त्या आठवड्यात कोणत्या मानशीची दारे बदलली आणि कोणाचा बांध फुटला होता तेही. अशी दहा वर्षांची वही हाती असली तर ‘वाया’ या शब्दाचा अर्थ गांजेच्या रकान्यातून काढता येतो. ती नसेल तर निदान येत्या जानेवारीच्या अवसेला पहिली ओळ लिहिता येईल. त्या कामाला कोणाच्या निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.